फौजदारी न्याय आणि सुधारसेवांचे विद्यापीठीय शिक्षण : प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

पदवीनंतर गुन्हेगारीशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची चौकशी बहुधा एकाच प्रश्नापासून सुरू होते : हे शिकल्यावर तपास यंत्रणेत नोकरी मिळते का? प्रश्न रास्त आहे, पण तो या क्षेत्राच्या एका कोपऱ्यापुरता आहे. गुन्हा नोंदवून घेणारे पोलीस ठाणे, आरोपीला कोठडी द्यायची की जामीन हे ठरवणारे न्यायालय, खटल्याची वाट पाहण्यात किंवा शिक्षा भोगण्यात वर्षे जातात ते कारागृह, आणि सुटून आलेल्या माणसाला जवळ करणारी किंवा दारातूनच परत पाठवणारी त्याची वस्ती, या सगळ्यांचा एकत्रित विचार म्हणजे फौजदारी न्यायाचा अभ्यास. यातील शेवटच्या दोन टप्प्यांवरचे काम सुधारसेवा या नावाने ओळखले जाते. प्रशिक्षित माणसांची सर्वाधिक गरज तेथेच आहे आणि विद्यार्थी सर्वांत कमी तेथेच वळतात.

ही गरज किती मोठी आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक वार्षिक अहवालातून दिसते. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० कारागृहांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होते, म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांवरचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर ५०० बंद्यांमागे एक समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा असे म्हटले आहे, आणि बहुतेक राज्ये या साध्या अपेक्षेच्याही जवळपास पोहोचलेली नाहीत. म्हणूनच या लेखात संस्था निवडण्यापासून प्रबंधापर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकच कसोटी लावली आहे : हे शिक्षण तुम्हाला कोठडीतल्या माणसापर्यंत आणि त्याच्या कागदपत्रांपर्यंत नेते की नाही.

आधी वाट ठरवा

या क्षेत्रात येण्याच्या चार वाटा आहेत आणि प्रवेशाच्या गडबडीत त्यांची सरमिसळ होते. पहिली कायद्याची : एलएलबी आणि त्यानंतर फौजदारी कायद्यातील एलएलएम. दुसरी समाजकार्याची : एमएसडब्ल्यू किंवा समाजकार्यातील एमए, ज्यात काही संस्था गुन्हेगारीशास्त्र व न्याय हे विशेषीकरण देतात. तिसरी गुन्हेगारीशास्त्रातील एमए किंवा एमएस्सीची, जिच्यात समाजशास्त्र, मानसशास्त्र, पोलीस प्रशासन आणि सांख्यिकी यांवर भर असतो. चौथी न्यायसहायक विज्ञानाची, म्हणजे रक्त, विष, ठसे, दस्तऐवज, डिजिटल पुरावे यांच्या प्रयोगशाळेतील तपासणीची.

सर्वाधिक गोंधळ तिसऱ्या आणि चौथ्या वाटेत होतो. अनेक विद्यापीठांत गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञान असा जोडविभाग असल्याने दोन्ही विषय एकच आहेत असा समज होतो. विज्ञान शाखेची पार्श्वभूमी नसताना न्यायसहायक विज्ञानाच्या मागे लागणे व्यर्थ आहे, कारण प्रयोगशाळेतील पदांसाठी रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्राची पदवी मागितली जाते. उलट, ज्याला बंद्यांसोबत, त्यांच्या कुटुंबांसोबत, विधिसंघर्षग्रस्त म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकांसोबत काम करायचे आहे त्याने प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम निवडला, तर दोन वर्षांनंतर त्याच्या हाती चुकीची हत्यारे असतील. सुधारसेवेत काम करायचे असेल तर माझ्या मते समाजकार्याची वाट पहिली, आणि शक्य झाल्यास पुढे एलएलबीची जोड. न्यायालयात उभे राहता येणारा समाजकार्यकर्ता या क्षेत्रात सोन्याच्या मोलाचा आहे.

संस्था पारखून घ्या

मराठी विद्यार्थ्यासाठी सर्वांत जवळचे आणि जुने केंद्र म्हणजे मुंबईत देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयाचे शिक्षण समाजकार्याच्या चौकटीत दिले जाते. त्याचे बळ अभ्यासक्रमाइतकेच त्याच्याशी जोडलेल्या क्षेत्रीय प्रकल्पांत आहे. १९९० साली सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प पोलीस ठाणी, न्यायालये आणि कारागृहांत प्रत्यक्ष बसून बंद्यांना कायदेशीर मदत, कुटुंबाशी संपर्क आणि सुटकेनंतर काम मिळवून देण्याचे काम करतो. विद्यार्थ्याला अशा ठिकाणी आठवड्यातले ठरावीक दिवस अनुभवी कार्यकर्त्याच्या हाताखाली बसायला मिळणे, याला वर्गातल्या कोणत्याही व्याख्यानाची बरोबरी येत नाही.

गुजरातेतील गांधीनगर परिसरात दोन राष्ट्रीय संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, दोघांनाही २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. पहिल्याचे एक संकुल गोव्यात आहे, आणि दिल्लीतील १९७२ सालची लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाची गुन्हेगारीशास्त्र संस्था आता त्याचाच भाग आहे. दुसऱ्याचा कल पोलीस प्रशासन आणि अंतर्गत सुरक्षेकडे आहे. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, मध्य प्रदेशातील सागरचे डॉ. हरीसिंह गौर विद्यापीठ आणि चेन्नईचे मद्रास विद्यापीठ येथे या विषयाचे जुने विभाग आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या विद्यार्थ्याला धारवाड अंतरानेही सोयीचे आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची फौजदारी न्यायातील पदव्युत्तर पदविका आहे, मात्र तिला क्षेत्रकार्याची, म्हणजे प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन करायच्या कामाची, जोड स्वतःच द्यावी लागेल.

कोणत्याही विभागाची पारख करताना माहितीपत्रक बाजूला ठेवून सध्याच्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी विचाराव्यात. क्षेत्रकार्यासाठी आठवड्याचे किती दिवस राखीव आहेत? गेल्या वर्षी कारागृहात प्रवेशाची परवानगी प्रत्यक्षात मिळाली होती का, की एक दिवसाची सहल झाली? क्षेत्रकार्याच्या नोंदी कोणी वाचतो का आणि त्यावर दर आठवड्याला चर्चा होते का? विभागात कायदा शिकवणारा पूर्णवेळ शिक्षक आहे का? ‘कारागृह भेट’ या नावाखाली पन्नास विद्यार्थ्यांना बेकरी आणि विणकाम विभाग दाखवून दोन तासांत परत आणणाऱ्या अभ्यासक्रमात सुधारसेवा शिकता येत नाही.

प्रवेशाची तयारी

केंद्रीय आणि राष्ट्रीय संस्थांच्या बऱ्याच पदव्युत्तर प्रवेशांसाठी आता सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा (सीयूईटी) द्यावी लागते. काही संस्था त्यानंतर स्वतःची लेखी चाचणी आणि मुलाखत घेतात, तर काहींची परीक्षा पूर्णपणे स्वतंत्र असते. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरपासून संबंधित संस्थांच्या सूचना पाहण्याची सवय ठेवावी. निकालानंतर चौकशी करणाऱ्यांचे वर्ष हमखास जाते, कारण सामायिक परीक्षेची नोंदणी त्याआधीच बंद झालेली असते. जातप्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्रीय संस्थांच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला ऐनवेळी चालत नाही, म्हणून तहसील कार्यालयातले काम आधीच उरकावे.

मुलाखतीत वाचन किती आहे यापेक्षा विचार किती नेमका आहे हे पाहिले जाते. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचे आहे’ हे उत्तर प्रत्येक उमेदवार देतो. त्याऐवजी एका ठोस विषयावर स्वतःचे मत तयार ठेवावे : जामीन मंजूर होऊनही माणसे आत का राहतात, भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी आणलेली समाजसेवेची शिक्षा राबवणार कोण, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का. उलट बाजूचा युक्तिवादही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडता आला पाहिजे. मृत्युदंडाविषयी किंवा बलात्काराच्या गुन्ह्याविषयी प्रश्न विचारला जाण्याची शक्यता धरून जावे. तेथे तुमच्या मताइतकाच, तुम्ही पीडित व्यक्ती आणि आरोपी या दोघांकडे माणूस म्हणून पाहू शकता का, याचा कस लागतो.

कायदा मुळातून आणि क्रमाने वाचा

समाजकार्य किंवा समाजशास्त्राकडून येणारे विद्यार्थी कायद्याला बिचकतात आणि सारांशाच्या पुस्तकांवर भागवतात. हे टाळलेच पाहिजे, कारण कारागृहात तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘माझी केस कुठवर आली?’ हाच असणार आहे.

सुरुवात संविधानाच्या अनुच्छेद १४, २०, २१, २२ आणि मोफत विधिसाहाय्याच्या ३९-अ पासून करावी. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता घ्यावी आणि तिच्यातील अटक, कोठडी, दोषारोपपत्र व जामीन यांची प्रकरणे आधी वाचावीत. तिचे कलम १८७ आणि कलम ४७९ पाठ असण्याइतके परिचित हवे. कलम १८७ नुसार तपास ६० दिवसांत, किंवा मृत्युदंड, आजन्म कारावास अथवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, पूर्ण झाला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कलम ४७९ नुसार न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचे असते. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या बंद्यासाठी ही मुदत एक-तृतीयांश आहे. मृत्युदंड किंवा आजन्म कारावासाची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तरीही हा लाभ मिळत नाही. कारागृह अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयाकडे अर्ज करावा, अशीही जबाबदारी याच कलमात आहे.

नुसते वाचून हे अंगवळणी पडत नाही, म्हणून गणित करून पाहावे. राहत्या घरातील चोरीला कमाल शिक्षा ७ वर्षे आहे. पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या माणसासाठी एक-तृतीयांश म्हणजे २ वर्षे ४ महिने. साध्या चोरीला कमाल ३ वर्षे, म्हणजे मुदत १ वर्ष. आता अटकेची तारीख घेऊन मोजा. अशी दहा-वीस काल्पनिक उदाहरणे सोडवलेल्या विद्यार्थ्याला कारागृहातील यादी पाहताना कोणाचे नाव पुढे घ्यायला हवे हे दिसू लागते.

त्यानंतर १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा (परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन : अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मुक्त ठेवणे), २०१५ चा बालन्याय कायदा आणि शेवटी कारागृहाचा कायदा. कारागृहे हा राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याची नियमावली वेगळी आहे. १८९४ च्या जुन्या कायद्यावर दीर्घकाळ चाललेल्या या व्यवस्थेसाठी केंद्राने २०२३ साली आदर्श अधिनियम तयार केला आणि राज्ये आपापले कायदे नव्याने करीत आहेत. म्हणून तुम्ही जेथे काम करणार तेथे आज काय लागू आहे ते राजपत्रात पाहूनच बोलावे. महाराष्ट्रात संचित रजा आणि अभिवचन रजा, ज्यांना सगळे फर्लो आणि पॅरोल म्हणतात, त्यांचे १९५९ चे नियम आणि त्यांतील दुरुस्त्या वेगळ्या अभ्यासाव्या लागतात. शिक्षाबंद्यांचे सर्वाधिक प्रश्न याच दोन रजांविषयी असतात.

न्यायनिर्णयांपैकी निदान हे मुळातून वाचावेत : बिहारमधील वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या न्यायाधीन बंद्यांविषयीचा १९७९ चा हुसैनारा खातून, बंद्यालाही मूलभूत हक्क असतात हे ठामपणे सांगणारा सुनील बत्रा, मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील महिलांविषयीचा १९८३ चा शीला बर्से, मातांसोबत कारागृहात राहणाऱ्या मुलांविषयीचा २००६ चा आर. डी. उपाध्याय, आणि कारागृहांतील जातीवर आधारित कामवाटप रद्द करणारा ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता. शेवटचा निकाल एका मराठी विद्यार्थ्याने तरी शांतपणे बसून पूर्ण वाचावा. झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा हे नियमावल्यांतच जातीनुसार कसे लिहून ठेवले होते, याचे उतारे त्यात आहेत.

सिद्धान्त आपल्या मातीत तपासा

पहिल्या सत्रात बेकारिया, लोम्ब्रोसो, दुर्खाईम, मर्टन, सदरलँड ही गुन्ह्याविषयी सिद्धान्त मांडणाऱ्यांची नावे भराभर येतात आणि परीक्षेनंतर तेवढ्याच वेगाने विसरली जातात. ती टिकवण्याचा एक उपाय म्हणजे प्रत्येक सिद्धान्ताला आपल्याकडचा इतिहास विचारणे. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो असे लोम्ब्रोसोने १८७६ साली मांडले. त्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, ब्रिटिशांनी भारतात गुन्हेगार जमाती कायदा करून संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणात या जमातींची वसाहत उभी राहिली, हजेरी लावल्याशिवाय बाहेर पडायला मनाई झाली. १९५२ साली कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या, पण गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर पहिला छापा पडतो ही तक्रार आजही थांबलेली नाही. माणसावर शिक्का मारला की त्या शिक्क्याप्रमाणेच त्याच्याशी व्यवहार होतो, हा विसाव्या शतकातला सिद्धान्त समजायला महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला परदेशी उदाहरणाची गरज नाही.

सुधारणेच्या विचाराचेही तसेच. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली, जेथे बंदी भिंतींशिवाय, शेती करीत आणि कुटुंबासह राहू लागले. संयुक्त राष्ट्रांनी बंद्यांच्या वागणुकीचे किमान नियम स्वीकारले ते १९५५ साली, आणि २०१५ साली सुधारलेल्या त्या नियमांना आता मंडेला नियम म्हणतात. एका छोट्या मराठी संस्थानाने त्यांच्या कितीतरी आधी हा प्रयोग केला होता, आणि त्याच्यावर गंभीर विद्यापीठीय संशोधन आहे त्याहून पुष्कळ अधिक व्हायला हवे.

आकडे वाचायला शिका

याला फार वेळ लागत नाही, पण दोन सापळे ठाऊक हवेत. गुन्ह्यांच्या राष्ट्रीय आकडेवारीत एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो, त्यामुळे खुनासोबत झालेली चोरी वेगळी दिसत नाही. आणि कारागृहांची आकडेवारी ३१ डिसेंबर या एका दिवसाची असते. वर्षभरात आठ-पंधरा दिवसांसाठी आत येऊन गेलेली असंख्य माणसे त्या दिवशी तेथे नसतात. कारागृहात कोण आहे आणि कारागृहातून कोण जाते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर वर्षभरातील दाखल बंद्यांच्या तक्त्यात शोधावे लागते.

क्षेत्रकार्य : अभ्यासक्रमाचा गाभा

क्षेत्रकार्याचे पहिले दोन महिने न्यायालयात घालवावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारागृहात परवानगी लागते, न्यायालयाची दारे मात्र उघडी असतात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहावे आणि पाहावे : आरोपीला मराठी किंवा हिंदी कळते का, त्याच्या बाजूने कोणी उभे राहते का, न्यायाधीश त्याला मारहाणीविषयी विचारतात का, आणि हे सगळे किती मिनिटांत उरकते. गरीब आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या, विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातील वकिलांशी ओळख करून घ्यावी. पुढची दोन वर्षे ती ओळख उपयोगी पडेल.

त्यानंतर एक प्रकरण कागदावर कसे वाचायचे ते शिकावे. समजा, उत्तर प्रदेशातून आलेला एक बिगारी मजूर मोबाईल चोरीच्या गुन्ह्यात सात महिने आत आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की प्रकरणाचा इतिहास समोर येतो. त्यातल्या रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची, नोंद न् नोंद वाचत जावी. एका तारखेला ‘आरोपी हजर केला नाही’, पुढच्या तारखेला ‘साक्षीदार गैरहजर’, त्यानंतर ‘न्यायाधीश रजेवर’. मग मागे जाता जाता चौथ्या महिन्यातली एक ओळ सापडते : पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर जामीन मंजूर. म्हणजे हा माणूस तीन महिन्यांपासून कायद्याने सुटलेला आहे आणि तरी आत आहे, कारण मुंबईत त्याला रेशनकार्ड आणि ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा जामीनदार नाही. कदाचित आपल्याला जामीन झाला आहे हेही त्याला ठाऊक नसेल.

येथून विद्यार्थ्याचे काम सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश ई-मेलने कारागृहात पाठवायचा असतो, सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. केंद्राच्या २०२३ च्या गरीब बंदी साहाय्य योजनेतून न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. विद्यार्थ्याने पर्यवेक्षकाला सांगून लोकअभिरक्षक कार्यालयामार्फत अट बदलण्याचा किंवा काही दिवसांसाठी रोख जामिनाचा अर्ज करवून घ्यावा, गावाकडच्या भावाचा फोन लावून द्यावा, आणि या प्रत्येक पावलाची तारखेसह नोंद ठेवावी. असे एक प्रकरण शेवटपर्यंत नेणारा विद्यार्थी जामिनाविषयी जे शिकतो ते परीक्षेच्या तयारीतून येत नाही.

कारागृहात प्रवेश मिळाल्यावर काही पथ्ये कडक पाळावी लागतात. मोबाईल, पैसे, स्मार्ट घड्याळ बाहेर ठेवावे. बंद्याकडून चिठ्ठी घेऊ नये, निरोप नेऊ नये, बिडी-तंबाखूची मागणी नम्रपणे पण स्पष्टपणे नाकारावी. एका विद्यार्थ्याच्या ढिलाईमुळे संपूर्ण संस्थेची परवानगी रद्द होऊ शकते आणि त्याची किंमत आतले बंदी मोजतात. बोलताना ‘तुम्ही काय गुन्हा केला?’ असे कधीही विचारू नये. न्यायाधीन बंद्याने गुन्हा केला आहे असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि त्याने तुम्हाला सांगितलेली गोष्ट गोपनीय ठेवण्याचे कायद्याचे संरक्षण तुमच्याकडे नाही. वकिलाला आहे, तुम्हाला नाही. घरी कोण आहे, मुलाकतीला कोणी येते का, तब्येत कशी आहे, वकील कोण, पुढची तारीख कधी, एवढ्यापासून सुरुवात पुरेशी असते. वयस्क बंद्याला अहो-जाहो करावे. बराकीत त्या एका शब्दाने बोलण्याचा सूर बदलतो.

कारागृह कर्मचाऱ्यांना विरोधक समजणे ही नव्या विद्यार्थ्यांची ठरलेली घाई आहे. क्षमतेच्या कित्येक पट भरलेल्या बराकीवर एकट्याने पहारा देणाऱ्या शिपायाचे कामाचे तास, त्याची सुट्टी, त्याचे घर याविषयीही विचारावे. त्याच्या सहकार्याशिवाय बंदी तुमच्या समोर येऊन बसत नाही. मात्र मारहाण किंवा लैंगिक छळाविषयी काही कळले तर ते नोंदवहीत दडवून ठेवू नये. त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगावे आणि पुढचे पाऊल संस्थेने उचलावे.

बाल न्याय मंडळात क्षेत्रकार्य मिळाले तर सामाजिक तपास अहवाल लिहिण्याची संधी सोडू नये. मुलाचे घर, शाळा सुटण्याचे कारण, वडिलांचे काम, मित्र, व्यसन, आधी झालेला छळ या सगळ्याचा हा अहवाल मंडळाच्या निर्णयाचा आधार असतो. चांगल्या अहवालात विशेषणे नसतात. ‘कुटुंब विस्कळीत आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘आई पहाटे पाचला घरकामाला जाते आणि रात्री आठला परतते, वडील दोन वर्षांपासून घरी नाहीत, मुलगा आजीजवळ असतो आणि आजीला दिसत नाही’ असे लिहावे, म्हणजे मंडळाला काय मदत द्यायची हे ठरवता येते.

या कामाचा मनावर भार येतो. झोप उडणे, चिडचिड, घरच्यांवर अविश्वास ही लक्षणे दिसली तर पर्यवेक्षकाशी बोलावे. विभागात त्यासाठी ठरलेली वेळ नसेल तर ती मागून घ्यावी.

प्रबंध

कारागृहात जाऊन संशोधन करायचे असेल तर पुण्यातील कारागृह मुख्यालयाकडे विभागामार्फत अर्ज करावा लागतो. त्यासोबत संशोधन आराखडा, प्रश्नावली, मार्गदर्शकाचे पत्र आणि संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता जोडलेली बरी. उत्तर यायला महिने लागू शकतात आणि ते नकारार्थीही असू शकते. म्हणून विषय असा निवडावा की परवानगी न मिळाली तरी प्रबंध उभा राहील. एका न्यायालयातील शंभर रोजनाम्यांवरून जामीन मंजुरी आणि सुटका यांतील अंतर मोजणे, मुलाकतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायकांचा एका दिवसाचा खर्च आणि बुडालेली मजुरी, सुटलेल्या महिलांना भाड्याने खोली मिळवताना येणाऱ्या अडचणी, या सर्वांसाठी कारागृहाच्या फाटकाच्या आत जाण्याची गरज नाही. आत मुलाखती घ्यायच्या असतील तर लक्षात ठेवावे की कोठडीतला माणूस नकार द्यायला पूर्ण मोकळा नसतो. संमती शिपायासमोर घेऊ नये, सहभागामुळे सुटकेला मदत होणार नाही हे स्पष्ट सांगावे, आणि नाव, बंदी क्रमांक किंवा ओळख पटेल असा प्रकरणाचा तपशील प्रबंधात कोठेही येऊ देऊ नये.

नोकरी

सुधारसेवेतली सरकारी पदे विखुरलेली आहेत, हे आधी समजून घ्यावे. कारागृह अधिकारी आणि शिपाई गृह विभागाकडे, परिवीक्षा अधिकारी आणि बालगृहे महिला व बालविकास विभागाकडे, विधिसाहाय्य न्यायालयांच्या अखत्यारीतील प्राधिकरणांकडे. त्यामुळे एकाच जाहिरातीची वाट पाहत बसणे हे वर्ष वाया घालवणे आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील विधी व परिवीक्षा अधिकारी, संकटातील महिलांसाठीच्या सखी केंद्रांतील समुपदेशक ही पदे बहुतेक कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो आणि तो उशिरा येण्याच्या तक्रारीही नवीन नाहीत. तरीही पहिली दोन-तीन वर्षे तेथे काढलेल्या उमेदवाराला व्यवस्थेची जी ओळख होते ती पुढे स्वयंसेवी संस्था, संशोधन किंवा अध्यापनात कामी येते. बाल न्याय मंडळावर सामाजिक कार्यकर्ता सदस्य म्हणून जाण्यासाठी मुलांच्या क्षेत्रातील किमान सात वर्षांचा अनुभव हा कायद्याने दिलेला एक मार्ग आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून अनुभवाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. अध्यापनाकडे जायचे असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, पण या विषयाचे विभाग थोडे असल्याने समाजकार्य किंवा समाजशास्त्रातूनही पात्र होता येते का ते पाहावे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. अमेरिकेत हा विषय शेकडो विद्यापीठांत शिकवला जातो आणि तेथील परिवीक्षेची, पॅरोलची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे, पण संघराज्याच्या कारागृह विभागातील नोकरीला नागरिकत्व लागते आणि राज्यांचे व काउंटींचे नियम एकसारखे नाहीत. कर्ज काढून जाणाऱ्याने तेथे सुधारसेवेत नोकरी मिळेल असे गृहीत धरू नये. संशोधन, आकडेवारीचे विश्लेषण किंवा स्वयंसेवी संस्थांचे काम डोळ्यांसमोर ठेवूनच अभ्यासक्रम निवडावा. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विभागाला पत्र लिहून गेल्या काही वर्षांतील परदेशी विद्यार्थी कोठे नोकरीला लागले याची लेखी माहिती मागवावी.